हात खोटा, मैदान खरं

चहाचा कप उचलण्याआधी त्यांचा उजवा हात हवेत एक छोटं वर्तुळ काढतो. तर्जनी वर, मनगट गोल. कंटेनरच्या यार्डात याचा अर्थ ‘माल वर घे’ असा होतो. घरात काहीच होत नाही, फक्त बायको चिडते. ‘‘अहो, कप आहे तो, कंटेनर नाही. वर कुणी बसलेलं नाही, तुमचा तुम्हीच उचला.’’

एकवीस वर्षं हा माणूस क्रेनला इशारे देतोय. क्रेन चालवणारा साठ फूट उंचीवर काचेच्या डब्यात बसतो. कंटेनरच्या उतरंडीमागे काय आहे, खाली कुणाचा पाय आहे, त्याला काही दिसत नाही. त्याला फक्त खाली पिवळं जाकीट घालून उभा असलेला माणूस दिसतो. तो माणूस हाताने सांगतो आणि वरचा तसं करतो. का, कशाला, असं नको तसं करू, हे वरच्याने विचारायचं नसतं. आपली अक्कल चालवायची नसते. एकवीस वर्षांत यांच्या इशाऱ्यावर एका माणसाचं नखसुद्धा चेंगरलं नाही. माणूस तसा गरीब स्वभावाचा, पण एवढ्या एका गोष्टीवर मान ताठ.

आमच्या क्लबात त्यांना सगळे हातवारे मास्तर म्हणतात. मी क्लबची सेक्रेटरी. पाण्याच्या टाकीमागचं मैदान आम्ही पार्किंगच्या घशातून काढलं, त्याला अकरा महिने लागले. तो किस्सा मी सुरू केला तर थांबणार नाही, म्हणून सुरूच करत नाही. मैदान मिळालं, तेरा-चौदा वर्षांच्या मुलींची फुटबॉलची टीम जमली, आणि शिकवायला कुणी येईना. भाषणं ठोकायला पन्नास जण आले. घाम गाळायला मास्तर आले. तरुणपणी यार्डाच्या टीममध्ये डाव्या बाजूने खेळायचे. मग गुडघा गेला. हात शाबूत होते.

पहिल्या वर्षी त्यांनी तेच केलं जे त्यांना येत होतं. रेषेवर उभे राहिले आणि अकरा मुलींच्या अकरा क्रेन केल्या. हात डावीकडे, बॉल डावीकडे. तळवा आडवा, टीम जागच्या जागी. तीन सामने लागोपाठ जिंकलो. पालक खूश, मी खूश, सगळे टाळ्या पिटतोय.

चौथ्या सामन्यात त्यांच्या बुटाची नाडी सुटली. मास्तर खाली वाकले. नाडी बांधायला किती वेळ लागतो? वर बघतात तो आपल्या अकराच्या अकरा मुली त्यांच्याकडे तोंड करून उभ्या, आणि बॉल त्यांच्या पाठीमागून आमच्या जाळ्यात. कुणीही धावलं नव्हतं. त्या वाट बघत होत्या.

पालक हसले. मीही हसले. मास्तर हसले नाहीत. सामना संपल्यावर कितीतरी वेळ ते मैदानाच्या कडेकडेने फेऱ्या मारत होते. मी म्हटलं, ‘‘मास्तर, होतं असं. बसा की.’’

‘‘ताई, क्रेनला डोळे नसतात म्हणून मी असतो,’’ ते चालता चालताच म्हणाले. ‘‘या पोरींना डोळे आहेत. ते मी काढून घेतले.’’

त्या दिवसापासून त्यांनी सगळं उलटं केलं. यार्डातून टाकाऊ झेंड्यांची फडकी आणली, लाल, पिवळी, हिरवी. बॉल मुलीकडे येत असताना तिच्या पाठीमागे एक फडकं उंच धरायचं आणि ओरडायचं, ‘‘मागे कुठला रंग?’’ बॉल पायात यायच्या आधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघितलं असेल तरच उत्तर येणार. पहिल्या आठवड्यात सगळ्यांची उत्तरं ठोकून दिलेली. महिन्याभराने मुलींच्या माना कावळ्यासारख्या इकडून तिकडे वळायला लागल्या. घरी जेवतानाही वळतात, अशा तक्रारी माझ्याकडे आल्या.

मग त्यांनी खोटा इशारा काढला. हे त्यांचं स्वतःचं. सरावात खेळ चालू असताना हात करायचा, कधी खरा, कधी खोटा, आणि खोटेच जास्त. हात डावीकडे, पण डावीकडे तर दोघी आडव्या उभ्या. जी न बघता हाताचं ऐकेल ती बाहेर. ‘‘हात बघा, मग मैदान बघा. दोघांचं जमत नसेल तर हात खोटा, मैदान खरं.’’

आणि चुकलेल्या मुलीला ते कधी ‘असं का केलंस’ विचारायचे नाहीत. विचारायचे, ‘‘काय दिसलं?’’ मी एकदा म्हटलं, काय फरक पडतो? तर म्हणाले, ‘‘का विचारलं की पोर वकील होते. काय दिसलं विचारलं की साक्षीदार होते.’’ मी तीस वर्षं मोर्चे काढतेय, पोलिसांपासून साहेबांपर्यंत सगळ्यांनी मला ‘का’ विचारलंय. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

सगळ्या जणी शिकल्या, एक सोडून. तिला आम्ही टाचणी म्हणतो. अंगाने बारीक, डोकं टोकदार, मैदानाच्या मधोमध खेळते. टीमचा अर्धा खेळ तिच्या पायातून जातो. तिला सगळं दिसायचं, रंग कधी चुकायचा नाही. पण पास द्यायच्या क्षणी डोळा एकदा मास्तरांच्या हातावर. अर्धा सेकंद. तेवढ्यात समोरची येऊन बॉल घेऊन जायची.

‘‘माझ्याकडे काय बघतेस?’’

‘‘बघत नाही, मास्तर. जातो डोळा.’’

‘‘मग जाऊ दे की त्याला दुसरीकडे!’’

घरी तिचा बाप टॅक्सी चालवणारा. दिवसभर गिऱ्हाइकं मागे बसून त्याला डावीकडे, उजवीकडे सांगतात आणि संध्याकाळी तो मैदानाच्या कडेला येऊन पोरीला सांगतो. ‘‘पास दे! दे ना! आता नको! अगं आता दे!’’ उंटावरून शेळ्या हाकायची हौस फक्त पुढाऱ्यांना असते असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा मुलांच्या सामन्याला यावं. बारा पालक, बारा उंट.

खोटे इशारे करायला लागल्यापासून आम्ही हरायला लागलो. विचार करणाऱ्या मुली सुरुवातीला हळू असतात. पालक कुरकुरले. ‘पोरींना खोटं शिकवतो,’ ‘मोठ्यांचं ऐकू नका म्हणतो,’ ‘याला येत नाही म्हणून हा नवीन चाळा.’ क्लबचे अध्यक्ष म्हणजे चष्म्याच्या दुकानाचे मालक. त्यांना एक ट्रॅकसूटवाला पोरगा सापडला होता. त्याच्याकडे चुंबकाची पाटी होती, गोल गोल बिल्ले सरकवायचा. अध्यक्ष पाटीवर भाळले.

जाळी, सरावाचे प्लास्टिकचे कोन आणि मोडक्या बाकांच्या आमच्या पत्र्याच्या खोलीत बैठक झाली. मी टेबल आपटलं, दोघांचे बाप काढता काढता राहिले. शेवटी अट ठरली. तीन सामने. त्यातले दोन हरलात तर मास्तर बदलायचे. नोंदवहीत ती अट माझ्याच अक्षरात आहे. लिहिताना मला वाटलं होतं, घोडामैदान जवळच आहे, दाखवू यांना. त्याच बैठकीत मैदानाच्या उजव्या कडेचा गळका नळ दुरुस्त करायचं काम अध्यक्षांनी अंगावर घेतलं होतं. तिथे दोन महिने चिखल होता. तेही लिहिलेलं आहे.

मास्तरांच्या नुसत्या हात मागे बांधून येरझाऱ्या. बायकोने मला नंतर सांगितलं, ‘‘ताई, झोपेतसुद्धा हात हलतात ओ. रात्री मला वाटतं पांघरूण मागतायत. उद्या यांच्याकडनं ही टीम गेली ना, तर मी या हातांचं करू काय?’’

पहिला सामना हरलो. दुसरा जिंकलो, आणि असा जिंकलो की ट्रॅकसूटवालाही पाटी खाली ठेवून बघत राहिला. उरला तिसरा. बरोबरी झाली तरी पुरे होतं.

त्या दिवशी सकाळपासून वारा सुटला होता. धूळ डोळ्यांत, कोन उडतायत, कुणाचं मन जागेवर नाही. मास्तर डाव्या रेषेवर, पिवळं जाकीट अंगात. सामन्यात एकही इशारा करायचा नाही असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. हात काखेत दाबून उभे. एक-एक अशी बरोबरी. पाच मिनिटं उरली, मग तीन. पालक बेंबीच्या देठापासून ओरडत होते आणि खोटं कशाला बोलू, त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

बॉल मधोमध टाचणीकडे आला. डाव्या रेषेने आमची लांबी पळत सुटली होती. ही आमची सगळ्यात उंच मुलगी. मास्तरांच्या अगदी समोरून, मोकळी, पुढे सगळं रान रिकामं. आणि मास्तरांचा हात काखेतून निसटला. डावा हात, खांद्यापासून बोटापर्यंत सरळ. डावीकडे! यार्डात ज्या हाताने एकवीस वर्षं नख चेंगरू दिलं नाही, तो खरा हात. आम्ही सगळ्यांनी बघितला.

टाचणीनेही बघितला. नेहमीसारखा डोळा गेला. मग तिने दोन्ही खांद्यांवरून मान फिरवली आणि बॉल उजवीकडे दिला, आमच्या इंजिनाकडे. हे इंजिन म्हणजे टीममधली सगळ्यात वेगवान पोर. इंजिन निघालं, नळाच्या चिखलात पाय गेला, आणि आडवं झालं. समोरच्यांनी बॉल उचलला. चार पासात गोल.

शिट्टी वाजली. दोन-एक. संपलं.

टाचणीचा बाप दोरी ओलांडून आत धावला. ‘‘आंधळी आहेस का? मास्तर एवढा हात करून सांगत होते! लांबी मोकळी होती! का नाही दिलास?’’

टाचणी बापाकडे नाही, मास्तरांच्या हाताकडे बघत होती. तिला खरंच काहीतरी समजत नव्हतं.

अध्यक्ष मास्तरांना बाजूला घेऊन गेले, मी मागोमाग. माणूस वाईट नाही, गोड आहे, तेच वाईट. ‘‘मास्तर, आम्ही डोळ्यांनी बघितलं. तुमचा इशारा अगदी बरोबर होता. पोरीने ऐकलं नाही. आपण तसंच लिहू. हार तुमच्या नावावर नको. ती चार सामने बाहेर बसेल, अक्कल येईल. आणि यापुढे तुम्ही सरळ सांगायचं, त्यांनी सरळ ऐकायचं. खोटंबिटं बंद. तुम्ही राहा. काय ताई?’’

माझ्या तोंडात शिवी आली होती. पण मी मास्तरांकडे बघितलं आणि गिळली, कारण त्यांना त्यातून वाट दिसत होती हे मला दिसलं. एक ‘हो’ म्हणायचं आणि टीम हातात. एका पोरीचे चार सामने, एवढंच. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. हात वर जात होता, खाली येत होता.

तेवढ्यात टाचणी आली. बापाने दंड धरला होता तो सोडवून.

‘‘मास्तर, तो हात खरा होता की खोटा?’’

आता बघा. ‘खोटा’ म्हटलं असतं तर पोर वाचली असती आणि ऐन सामन्यात खोटा इशारा करणारा वेडा म्हणून मास्तर गेले असते. ‘खरा’ म्हटलं असतं तर पोर गेली असती.

‘‘खरा,’’ मास्तर म्हणाले. इशाऱ्याच्या बाबतीत हा माणूस खोटं बोलू शकत नाही, ते त्याच्या हाडात नाही.

‘‘बघा!’’ बाप म्हणाला.

पण टाचणी हलली नाही. कपाळाला आठी. ‘‘मग तुम्हाला काय दिसलं?’’

उद्धटपणा नव्हता त्यात. दोन वर्षं रोज संध्याकाळी हा प्रश्न तिने ऐकला होता. ती साक्ष मागत होती.

‘‘लांबी मोकळी दिसली.’’

‘‘आणि त्यांची सहा नंबर?’’

‘‘ती तुझ्या पलीकडे होती.’’

‘‘अलीकडे होती, मास्तर.’’

मास्तर मैदानात निघाले, इतक्या झपझप की आम्हाला पळावं लागलं. मधोमध जाऊन थांबले. ‘‘दाखव. कोण कुठे होतं. सगळ्या.’’

टाचणीने डोळे मिटले. मग उघडले आणि माणसं उभी करायला लागली. मुली आपल्या जागी गेल्या. समोरची टीम तोपर्यंत बसमध्ये चढली होती, म्हणून त्यांच्या जागी पालक. ‘‘काका, तुम्ही इथे. नाही, दोन पावलं मागे. काकू, तुम्ही हिच्या पाठीला. अध्यक्ष साहेब, तुम्ही तिकडे, आणि तोंड गोलकडे करा.’’ अध्यक्षांनी तोंड गोलकडे केलं. एकवीस माणसं त्या पोरीने पाच मिनिटांत उभी केली. कोण कुठे होतं, कुठे तोंड होतं, कोणाचा पाय पुढे होता. आमचे पालक पहिल्यांदाच रेषेच्या आत आले होते. आतून मैदान केवढं मोठं दिसतं आणि माणसं केवढी जवळ, हे त्यांच्या तोंडावर वाचता येत होतं. कुणी ओरडत नव्हतं.

‘‘बाबा, तुम्ही सहा नंबर. या, इथे.’’

बाप येऊन उभा राहिला. मास्तर टाचणीच्या जागी गेले आणि डावीकडे बघितलं. लांबी दिसतच नव्हती. मध्ये टॅक्सीवाला उभा, पाय फाकवून.

मास्तर डाव्या रेषेवर गेले, आपल्या जागी. तिथून बघितलं. परत मध्ये आले. परत रेषेवर. तीनदा. मग तिथेच गुडघे धरून उकिडवे बसले.

‘‘बाजूने बघितलं की जवळचं आणि लांबचं एका ओळीत येतं,’’ ते जमिनीकडे बघत म्हणाले. ‘‘म्हणून यार्डात सिग्नलवाल्याने एका जागी थांबायचं नसतं. हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. आणि इथे खांबासारखा उभा राहिलो.’’

टाचणीचा बाप स्वतःच्या पायांकडे बघत होता. ‘‘डावीकडे दिला असता तर मीच अडवला असता,’’ तो म्हणाला. ‘‘मला तर हलायचीसुद्धा गरज नव्हती.’’

‘‘उजवीकडे इंजिन मोकळं होतं,’’ टाचणी म्हणाली. ‘‘चिखल होता, पण तो नळ आज दुरुस्त असणार होता ना?’’

अध्यक्षांनी गोलकडचं तोंड वळवलं नाही.

मास्तर उठले. पिवळं जाकीट काढलं, घडी घातली, दोन्ही हातांनी अध्यक्षांपुढे धरलं. ‘‘इशारा चुकला की जाकीट उतरवायचं, यार्डाचा नियम आहे. पोर बरोबर होती. वहीत तसं लिहा. आणि अट आहे ती आहे.’’

मी वाक्य जुळवत होते. अट माझ्याच अक्षरात, आता कुठल्या तोंडाने फाडू? पण मला बोलावंच लागलं नाही.

‘‘ओ, घाला ते,’’ टाचणीचा बाप म्हणाला. ‘‘माझी पोर घरात चपला कुठे काढल्या ते सांगू शकत नाही. इथे एकवीस माणसं उभी केली तिने. कुणी शिकवलं? त्या पाटीवाल्याने?’’

‘‘पण हे हात...’’ कुणीतरी म्हणालं.

‘‘हात दाखवून अवलक्षण,’’ दुसरं कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला. तो हशा बरा होता.

‘‘सामन्यात हातात काहीतरी धरा ना, मास्तर,’’ टाचणी म्हणाली. ‘‘जड.’’

अध्यक्षांनी घसा खाकरला. ‘‘ठीक आहे, पुढच्या बैठकीपर्यंत... पण ताई, वहीत नेमकं लिहायचं काय?’’

‘‘आधी नळ लिहिते,’’ मी म्हटलं.

पुढच्या रविवारी मास्तर रेषेवर आले ते दोन्ही हातांत पाण्याचे दोन डबे घेऊन. दहा-दहा लिटरचे, झाकणं केव्हाच हरवलेली. समोरच्या टीमचा मास्तर हसला. आमच्या मास्तरांची बायको पहिल्यांदाच सामना बघायला आली होती, माझ्या शेजारी बसली. ‘‘हे आधी सुचलं असतं तर,’’ ती म्हणाली, ‘‘घरीही दोन डबे ठेवले असते.’’

या वेळी ते एका जागी थांबत नव्हते. रेषेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, डबे सांभाळत. बॉल मधोमध आला. टाचणीचा डोळा गेला. तिला दोन डबे दिसले. तिने मान एका खांद्यावरून फिरवली, दुसऱ्या खांद्यावरून फिरवली आणि पास दिला. चुकला. पुढचा बॉल आला. या वेळी डोळा गेलाच नाही.

इकडे मास्तरांचा खांदा उचलत होता, बोटं कडीवर वळवळत होती, डबा हिसके खात होता. डावीकडे लांबी पळाली की डावा डबा डचमळायचा. इंजिन निघालं की उजवा. टाचणीची पाठ त्यांच्याकडे होती. तिने एकदाही वळून बघितलं नाही.

सामना संपला तेव्हा त्यांची पँट गुडघ्यापर्यंत चिंब होती. दोन्ही डबे अर्धे झाले होते आणि कुणी एक घोटही प्यायलं नव्हतं.